तव्याचा गंज आणि कूलरचा गंज
(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मला ‘घरातल्या वस्तूंचा गंज घरच्या घरी कसा काढावा’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. हे घरी कळले तेव्हा आधी हसू झाले. कारण आपल्या वऱ्हाडात गंज म्हणजे वरण शिजवायचे पातेले. लोखंडावर चढतो तो जंग. एकदा पुण्याकडची एक पाहुणी आमच्याकडे राहावयास आली होती. मी तिला सहज म्हटले, “तेवढा गंज घासून टाका.” ती बिचारी हातात घासणी घेऊन घरभर गंजलेले काय आहे ते शोधत फिरली, आणि वरणाचा गंज मोरीत तसाच पडलेला! तेव्हा आज मी पुस्तकातल्या गंजाबद्दल बोलणार आहे, म्हणजे आपल्या जंगाबद्दल, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या वाशीम जिल्ह्यात पावसाळा लागला की प्रत्येक घरात हे दुखणे येते. पोळ्यांचा तवा रोज चुलीवर किंवा गॅसवर चढतो, म्हणून तो वाचतो. पण धिरड्यांचा बिडाचा तवा, मोठी कढई, झारा, खलबत्ता, पावशी, अडकित्ता, धान्याची कोठी, लग्नात आलेली पत्र्याची पेटी, शिवणयंत्र, या सगळ्यांना श्रावण येईतो तांबूस डाग दिसू लागतात. उन्हाळी वस्तू असलेला कूलर तर कोपऱ्यात पोते पांघरून बसलेला असतो आणि आतल्या आत गंजत असतो. कूलरचे मी शेवटी सांगणार आहे. ते सांगण्यासाठीच मी आज उभी राहिले, नाहीतर तवा घासणे काय, ते तुम्हां सर्वांना येतेच.

गंज म्हणजे काय, हे मला माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकावरून समजले. नुसती कोरडी हवा लोखंडाचे काही बिघडवीत नाही, नुसते पाणीही फारसे बिघडवीत नाही. दोन्ही एकत्र आली की हवेतला प्राणवायू लोखंडाशी मिळतो आणि लोखंडाचा तांबडा भुगा होऊ लागतो. त्यात मीठ असले तर हे काम फार लवकर होते. तांब्याच्या गुंडावर डाग पडतो, पण तो वरच्यावर बसतो, खालच्या तांब्याला झाकून ठेवतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो फुगतो, त्याच्या खपल्या होतात, खपली पडली की खालचे कोरे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि त्याला पुन्हा गंज धरतो. असे करीत करीत तो आरपार जातो. म्हणून गंज काढणे हे अर्धेच काम होय. काढल्यावर लोखंडाला झाकणे हे उरलेले अर्धे, आणि आपण बायका नेमके तेच विसरतो.

आता कोणी म्हणेल, दिल्लीला कुतुबमिनाराजवळ लोहस्तंभ आहे, तो सुमारे १६०० वर्षे उन्हापावसात उभा आहे, त्याला का गंज चढत नाही? मलाही हा प्रश्न पडला होता. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे त्यावर एक पातळ घट्ट थर बसला आहे, असे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. तो स्तंभ ज्या काळातला, त्याच काळाच्या आसपास आपले वाशीम ‘वत्सगुल्म’ नावाने वाकाटकांची राजधानी होते. आपल्याकडच्या लोहारांनी तसे तवे केले असते तर मला आज हे भाषण करावे लागले नसते! तेही एक असो.

तव्याकडे येते. आमच्या सासूबाई चिंचेने तवा काढीत. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवावयाची, कोळ जाड ठेवावयाचा, तो गंजावर लेपासारखा लावून अर्धा तास थांबावयाचे, मग नारळाच्या काथ्याने किंवा वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने गोल गोल घासावयाचे. चिंचेतला आंबटपणा गंज विरघळवतो. लिंबू, व्हिनेगर, कैरीच्या साली, हे सर्व त्याच कुळातले. आंबट ताकानेही होते पण फार सावकाश, आणि वास येतो तो वेगळाच. गंज जुना असेल तर लेप दोनदा लावावा, परंतु रात्रभर ठेवू नये. मी नवी सून असताना, ‘जास्त ठेवले तर जास्त निघेल’ अशा हिशेबाने कढई चिंचेत भिजवून झोपले. सकाळी कढई काळी ठिक्कर, आणि हात लावला तर बोटांना शाई लागावी तसे. गंज संपला की आंबट लोखंडालाच लागते, हे मला तेव्हा कोण सांगणार? सासूबाईंनी न बोलता ती कढई पुन्हा राखेने घासली. त्यांचे न बोलणे मला अजून आठवते.

एक गोष्ट हल्ली फार ऐकू येते की लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावा, फेस येतो आणि गंज पळतो. फेस येतो हे खरे. पण आंबट आणि सोडा हे एकमेकांना मारतात. फेस विरला म्हणजे उरते ते खारट पाणी. सोड्याचे काम त्यानंतरचे आहे. चिंचेने गंज काढून झाला, तवा धुतला, की त्याच्या छिद्रांत आंबटपणा राहू नये म्हणून सोड्याने किंवा चुलीच्या राखेने एकदा घासावा आणि पुन्हा धुवावा. आधी आंबट, मग राख, हा क्रम आपल्या जुन्या बायकांना ठाऊक होता. कारण विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते इतकेच.

धुतल्यावर फडक्याने पुसून तवा लगेच विस्तवावर ठेवावा. फडक्याने पुसले की कोरडे झाले असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. घासलेल्या कोऱ्या लोखंडावर तासाभरात नारिंगी छटा येते ती त्याच उरलेल्या ओलीने. तवा चांगला तापला, की त्यावर तेलाचा बोट फिरवावा. येथे तेल कोणते, हे महत्त्वाचे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावून ठेवले तर ते चिकट राहते, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात खवट वास येतो. जवसाचे तेल हवेने व उष्णतेने वाळते आणि त्याचा पातळ कडक पापुद्रा होतो. म्हणूनच रंगारी लोक त्याचे तेल रंगात घालीत आणि सुतार दारांना लावीत. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघर होते, तेव्हा चार चमचे घाणीचे तेल मिळणे अशक्य नाही. अगदी थोडे लावावयाचे, लावून पुन्हा पुसून काढावयाचे, पुसले आहे की नाही अशी शंका यावी इतके, आणि धूर येईपर्यंत तापवावयाचे. असे तीन-चार वेळा केले की तवा काळा, गुळगुळीत होतो आणि त्यावर धिरडे सुटून येते. मात्र हार्डवेअरच्या दुकानातले बेलतेल आणू नका. तेही जवसाचेच, पण लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची द्रव्ये मिसळतात. ते दारांसाठी आहे, पोळीसाठी नव्हे.

कढईत आंबट भाजी केली तर ती काळपट होते म्हणून कित्येक जणी लोखंडी कढई टाकून देतात. टाकू नका. त्या काळेपणाने अपाय होत नाही. उलट आंबट पदार्थात लोखंड थोडे उतरते आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला ते बरेच असते. फक्त भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढावी.

पावशी, विळा, कात्री, शिवणयंत्र यांना मात्र चिंच लावू नये. धारेवरचा गंज विटकरीच्या बारीक भुग्याने आणि दोन थेंब तेलाने घासून काढावा, धार आपल्या अंगाकडून बाहेर ठेवून. शिवणयंत्राला मशीनचे पातळ तेल द्यावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी जुन्या चिंधीवर दहा-बारा टाके मारावे, म्हणजे काळे तेल चिंधीवर येते, चोळीवर नाही. कपड्यावर पेटीच्या कडीचा गंजाचा डाग पडला तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावे व नंतर पुष्कळ पाण्याने धुवावे. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकाल तर डाग निघत नाही, पक्का होतो. गॅसच्या सिलिंडरखाली फरशीवर गंजाचे कडे उमटते, त्यावर लिंबू चोळण्याआधी फरशी कोणती ते बघा. शहाबादी फरशी हा चुन्याच्याच जातीचा दगड. आंबटाने गंज जातो पण फरशीचे पॉलिशही जाते. मी ते केले आहे, घरी येऊन बघू शकता.

गंजलेला खिळा पायात गेला तर धनुर्वात होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. गंजाने धनुर्वात होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि गंजलेला खिळा सापडतो तो मातीतच. तेव्हा खिळा चकचकीत होता म्हणून निश्चिंत राहू नये आणि जखमेत हळद भरून घरी बसू नये. जखम साबणपाण्याने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्यावे.

आता कूलर.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर जातो, तेव्हा कूलर हा काही थाट राहिलेला नाही. होळी झाली की तो पोत्यातून बाहेर निघतो. आमचा कूलर पत्र्याचा. बोअरचे पाणी जड, त्यामुळे टाकीत चुन्यासारखा पांढरा थर, आणि कोपऱ्यांत गंज. २०१८ च्या होळीनंतर तो साफ करण्याचे काम मी अंगावर घेतले. तव्याला चिंच चालते, तर कूलरला का नको, असा माझा सरळ विचार. चिंच आणि मीठ घेतले. गंज निघाला, पण पांढरा थर हटेना. तेव्हा मोरी धुण्याचे अ‍ॅसिड ओतले. बुडबुडे आले, थर गेला, पत्रा लखलखला. मोटरची वायर ज्या भोकातून आत जाते तेथे एक रबराची कडी होती. ती चिकट झाली होती आणि तिच्यामागे गंज धरला होता, म्हणून ती मी काढून फेकली. गंज साफ केल्याशिवाय काही सुचेना अशी गत होती माझी. धाकटी जाऊ म्हणाली, “बाई, कूलर कसा चांदीवानी दिसते!” मला फार बरे वाटले.

मी काय केले होते ते मला पुढे कळले. कूलरचा पत्रा नुसता लोखंडाचा नसतो, त्यावर जस्ताचे पाणी दिलेले असते. बादल्या आणि धान्याच्या कोठ्याही बहुतेक तशाच. ते जस्त आधी आपण झिजते आणि खालच्या लोखंडाला वाचवते. चिंच, लिंबू, अ‍ॅसिड हे गंज खातात तसे जस्तही खातात, किंबहुना अधिक आवडीने. जे बुडबुडे बघून मी खूश होत होते, ते जस्त जात असल्याचे बुडबुडे होते. चांदीवानी दिसत होते ते उघडे लोखंड. वर मिठाचा अंश राहिला. मी त्यास कोरडे केले नाही, रंग दिला नाही, तसेच पाणी भरले.

तो उन्हाळा निघाला. पुढच्या वर्षी, २०१९ च्या मे महिन्यात, टाकीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागले. आम्ही खाली परात ठेवली! परात भरली की कोणीतरी ओतून येई. आणि ज्या भोकातली रबराची कडी मी काढली होती, त्याची गंजलेली कड वायरीला वर्षभर कातरत होती, पंखा फिरला की कूलर थरथरे आणि ती कड थोडी आणखी आत जाई. हे कोणाला दिसणार?

दुपारची वेळ होती. धाकटी जाऊ फरशी पुसून उठली, हात ओले, पाय अनवाणी, आणि परात सरकवताना तिने दुसरा हात कूलरच्या अंगावर टेकवला. ती ओरडली नाही. नुसता एक घोगरा आवाज आला आणि तिचा हात सुटेना. मी स्वयंपाकघरातून धावले, तिला ओढणारच होते. तिचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, तो दारातून ओरडला, “मोठी आई, हात लावू नको!” आणि त्याने आईकडे न जाता ओसरीत जाऊन मेन पाडली. शाळेत सांगितले होते म्हणे. तो पोरगा आईकडे धावला असता, किंवा मी धावले असते, तर आज येथे कोण बोलले असते मला माहीत नाही.

जाऊ पडली, शुद्धीवर आली, दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतले. तळहात भाजला होता. उजव्या हाताची दोन बोटे अजून बधिर आहेत, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. तिने मला कधी शब्दाने दुखवले नाही. मीच किती दिवस तिच्याकडे मान वर करून बघू शकत नव्हते. कूलर साफ करते म्हणून घरात माझे नाव झाले होते ना!

वायरमन आला तेव्हा त्याने आधी पिन हातात घेतली. तीन दातांची पिन, पण वरचा जाड दात मोडलेला. जुन्या दोन भोकांच्या बोर्डात ती बसावी म्हणून आमच्याच घरात कोणीतरी तो मोडला होता. तो जाड दात म्हणजे अर्थिंगचा. पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्याची वाट तोच देतो, आणि मग फ्यूज जातो किंवा बटन पडते. ती वाट बंद, म्हणून वीज जाऊच्या अंगातून गेली. आता आम्ही अर्थिंग नवे करून घेतले आहे आणि मेनपाशी एक यंत्र बसवले आहे, त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. वीज भलतीकडे गळू लागली, अगदी ३० मिलिअँपिअर इतकी थोडी, तरी ते क्षणात वीज तोडते. पैसे लागतात. पण आम्ही त्या वर्षी दिवाळीला नवे पातळ घेतले नाही, तेवढ्यात बरेचसे झाले.

कूलर आता आम्ही असा ठेवतो. आधी पिन काढून हातात घ्यावयाची. नुसते बटन बंद करून चालत नाही. पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून टाकी पुसून कोरडी करावयाची. डेंग्यूचे डासही याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, तेव्हा एका कामात दोन कामे होतात. उन्हाळा संपला की टाकी उन्हात वाळवून, गंज दिसेल तेथे फक्त कोरड्या काथ्याने किंवा पॉलिश कागदाने घासून, रेड ऑक्साईड, आणि ते वाळल्यावर टाकीच्या आतून डांबराचा काळा रंग. चिंच नाही, लिंबू नाही, अ‍ॅसिड तर नाहीच. मोरी धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधी एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो. वायर ज्या भोकातून जाते तेथे रबराची कडी आहे की नाही ते दर वर्षी बघावयाचे. पत्रा बोटाने दाबल्यावर दबला किंवा एकदा जरी पाणी ठिबकले, की तो कूलर घरात ठेवावयाचा नाही. त्याखाली परात ठेवावयाची नाही. आणि कूलर चालू असताना ओल्या हाताने त्याच्याजवळ जावयाचे नाही, पाणी भरावयाचे तेही पिन काढूनच. मुलांना हे पाठ करून घ्या. मेन कोठे आहे ते दहा वर्षांच्या मुलालाही दाखवून ठेवा, आणि त्याचा हात तेथे पोचत नसेल तर खाली एक स्टूल ठेवा.

माझी धाकटी जाऊ आज येथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. कूलरचे सांगा असे तिनेच मला बजावले. मी नुसते तव्यावर बोलून बसणार होते. हळदीकुंकू झाल्यावर जवसाचे तेल तव्याला कसे लावावे ते ती करून दाखवील, तवा आणि शेगडी आम्ही आणली आहे. आणि शेजारच्या टेबलावर ती मोडक्या दाताची पिन ठेवली आहे. घरी गेल्यावर आपली पिन तिच्याशी ताडून बघता यावी, म्हणून जाताना ती प्रत्येकीने हातात घेऊन बघावी.